कमांडरांची म्हातारी गेली

जगात कुठेही लढाऊ विमान पडलं तर ती बातमी आपल्याला सगळ्यांत आधी कळते, असं कमांडर छातीठोकपणे सांगत. मंत्र्यांना नंतर कळते आणि वर्तमानपत्रांना शिळी झाल्यावर. यात थोडी फुशारकी होती, पण निव्वळ थाप नव्हती. धुरळा खाली बसायच्या आत विमानाची जात कुठली, इंजिन कोणतं, ते कुठल्या तळावरचं आणि शेपटीवरचा नंबर काय, एवढं त्यांना ठाऊक झालेलं असे. फोटोत जळक्या पत्र्याचा नुसता एक तुकडा दिसला, तरी तो डाव्या पंखाचा की उजव्या, हे ते सांगून टाकत.

सैन्यात ते कधीच नव्हते. ते कवळ्या बनवत. गावातल्या दंतवैद्यांकडून जबड्यांचे साचे लॅबमध्ये येत आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून कमांडर मेणात एकेक दात रोवत. हात असा, की त्यांची कवळी घातलेला माणूस हसला तर त्याच्या बायकोलाही संशय येऊ नये. विमानात मात्र ते उभ्या जन्मात एकदाच बसले होते, आणि तो सगळा प्रवास त्यांनी डोळे मिटून, पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून केला होता. घरी माळ्यावरून पेटी काढायची झाली की ते स्टुलावर चढत आणि बायकोला स्टूल धरून उभं राहावं लागे. लॅबच्या मालकांच्या कानावर हे गेलं त्या दिवसापासून त्यांचं नाव कमांडर पडलं. चेष्टेत पडलेलं नाव त्यांनी मनापासून स्वीकारलं, आणि वापरून वापरून त्यातली चेष्टा झिजून गेली.

त्यांच्यासारख्याच वेडाच्या माणसांचा फोनवर एक गट होता. त्यात एक बेकरीवाला होता, एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, एक कॉलेजात शिकवणारी बाई होती. एरवी हे सगळे शांत असत. कुठे विमान पडलं, की परीक्षेचा निकाल लागल्यासारखी तिथे झुंबड उडे. तिथे कोणी वाईट मनाचं नव्हतं. पण जो नंबर आधी सांगेल त्याचा त्या दिवशी भाव वधारे, आणि बहुतेक वेळा तो कमांडरांचाच वधारे.

या गटाची एक लाडकी होती. तिचं सरकारी नाव काहीतरी आकडी होतं, पण सगळे तिला म्हातारी म्हणत. वाऱ्यावर तरंगत येणारं पांढऱ्या तंतूंचं बी असतं ना, मुलं ज्याच्यामागे धावतात, ते म्हातारी. हे जुनं लढाऊ विमान उतरताना धावपट्टीवर असंच तरंगत राही, खाली बसायला तयारच नसे. शिवाय त्याचं वयही झालं होतं. दोन्ही अर्थांनी नाव चपखल बसलं. तिच्या जातीची बाकी सगळी विमानं मोडीत निघाली होती आणि ही एकटी अजून उडत होती. पुढच्या महिन्यात हवाई दल तिला समारंभाने निरोप देऊन संग्रहालयात ठेवणार होतं. कमांडरांनी रजा टाकली होती, रेल्वेचं तिकीट काढलं होतं, आणि तिच्यावर चार शब्द लिहायचं काम गटाने त्यांच्यावरच सोपवलं होतं.

घरात आणखी एक म्हातारी होती, त्यांच्या सासूबाई. बायकोच्या धाकट्या भावाने, म्हणजे कमांडरांच्या मेहुण्याने, आईला न विचारता तिचं जुनं शिवणयंत्र कोणालातरी देऊन टाकलं होतं. त्यावरून मायलेकांचं बिनसलं, आणि सासूबाई बॅग भरून मुलीकडे आल्या त्या राहिल्याच. दोघंही हट्टी. मेहुणा बहिणीला फोन करून आईची चौकशी करी, पण आईशी बोलत नसे. सासूबाई कान देऊन ऐकत आणि कोणाचा फोन होता म्हणून विचारत नसत. जावयाशी त्यांचं बरं चाललं होतं. टीव्हीचा रिमोट सोडला, तर दोघांमध्ये भांडणासारखं काही नव्हतं.

त्या आठवड्यात सासूबाईंच्या छातीत एकदम धडधडू लागलं. त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, पण रात्रभर लक्ष ठेवू म्हणून ठेवून घेतलं. बायको तिथे थांबली. गडबडीत तिचा फोन घरीच राहिला, चार्जरला लावलेला. आणि टॅक्सीत बसताना सासूबाईंच्या हातातून कवळी पडून तिला तडा गेला. ती कमांडरांकडे देऊन बायको म्हणाली, “तुम्ही इथे बसून काय करणार? सकाळी कामावर जा आणि एवढी जोडून ठेवा. आई दातांशिवाय कोणापुढे तोंड उघडायची नाही.”

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कमांडर आपल्या टेबलाशी बसून सासूबाईंची कवळी जोडत होते. लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं की त्यांच्या सासूबाई दवाखान्यात आहेत. कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या ताईंनी सकाळी आल्या आल्या विचारलंही होतं, आणि कमांडरांनी तसं काही विशेष नाही म्हणून सांगितलं होतं. तडा बुजला, घासकाम झालं, फक्त पॉलिश राहिलं, आणि तेवढ्यात फोन थरथरला. बेकरीवाल्याचा निरोप होता. दोनच शब्द होते: म्हातारी पडली.

कमांडरांना आधी खरंच वाटेना. त्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला. पलीकडून तो जे सांगत होता ते लॅबमध्ये कोणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. कमांडरांचं बोलणं मात्र सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण ताईंनी त्यांचा चेहरा पाहून आपलं पॉलिशचं यंत्र बंद केलं होतं.

“म्हातारी गेली? नक्की गेली?” कमांडर म्हणाले. मग म्हणाले, “मी कधीपासून सांगत होतो, हिला आता दगदग सोसणार नाही. देखभाल नीट होत नव्हती रे. ज्यांच्याकडे होती त्यांचं लक्षच नव्हतं.” शेवटी अगदी हळू आवाजात, “वरच्या वर गेली म्हणायची.”

त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते आणि हातात सासूबाईंची कवळी होती.

ताईंना आधी जरा खटकलं. सासूला कोणी असं चारचौघांत म्हातारी म्हणतं का? पण मग त्यांनी कमांडरांचे डोळे पाहिले आणि त्यांना वाटलं, ही मायेची बोली असणार. त्या उठल्या, आत मालकांच्या खोलीत गेल्या आणि तोंडाला हात लावून बाहेर आल्या. मागोमाग मालक आले. मालक तसे तापट, साच्यात बुडबुडा राहिला तर चारचौघांत सुनावणारे. पण स्वतःची आई गेल्यापासून कोणाच्याही मरणाने ते विरघळत. त्यांनी कमांडरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “कधी गेल्या?”

मालकांनी म्हातारीला ‘गेल्या’ म्हटलं, हे कमांडरांच्या मनाला फार भिडलं. इतकी वर्षं ज्या माणसाने त्यांच्या विमानवेडाची टर उडवली, तो आज एका विमानाला अहोजाहो करत होता. त्यांना भरून आलं. सकाळीच गेली, आत्ता कळलं, असं ते म्हणाले. मालक म्हणाले की वय झालंच होतं ना. त्यावर कमांडर म्हणाले, “वय झालं होतं, पण शेवटपर्यंत उडत होती हो मालक.”

“असं मरण यायला भाग्य लागतं,” मालक म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

इथे गोष्ट थांबू शकली असती. पण मालकांनी पुढे विचारलं की आता आणणार कधी. कमांडरांनी आपल्या माहितीप्रमाणे उत्तर दिलं. एवढ्यात नाही मिळायची. आधी चौकशी समिती बसेल. चूक कोणाची, देखभालीत कसूर झाली का, हे सगळं पाहिल्याशिवाय ते काही ताब्यात देत नाहीत. मालकांचा चेहरा पांढरा पडला. दवाखान्यात माणूस गेल्यावर चौकशी समिती बसते, म्हणजे प्रकरण साधं नाही. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की तू कोणाशी काही बोलू नकोस, सरळ घरी जा, बाकी सगळ्यांचं मी बघतो. बाकी सगळ्यांचं म्हणजे दुपारी द्यायच्या कवळ्यांचं, असा कमांडरांनी अर्थ घेतला.

मालकांनी खरोखरच सगळ्यांचं बघितलं. त्यांनी आधी कमांडरांच्या बायकोला फोन लावला. तो कोणी उचलला नाही. बिचारी कुठल्या अवस्थेत असेल, असं ते ताईंना म्हणाले. मग त्यांना आठवलं की मेहुण्याच्या दाढेची टोपी याच लॅबमध्ये बनली होती. नंबर मिळाला. मालकांनी त्याला धीराने घ्यायला सांगितलं आणि मग, माणूस सरळ असल्यामुळे, ऐकलेलं जसंच्या तसं कळवलं. आई गेल्या. देखभाल नीट झाली नाही असं दिसतं. चौकशी बसणार आहे. मेहुणा शेजारच्या गावात राहत होता. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसला. त्यानंतर मालकांनी कमांडरांच्या शेजारच्या बाईंना कळवलं. या बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कुठलीही गोष्ट शिस्तीत पार पाडायची त्यांना सवय होती. घटकाभरात कमांडरांच्या घरासमोर बाईंच्या खुर्च्यांची रांग लागली.

कमांडरांना एकट्याने जाऊ देणं शक्यच नव्हतं. लॅबला कुलूप लागलं आणि सगळी मंडळी त्यांच्याबरोबर निघाली. रस्त्याने कोणी फारसं बोलत नव्हतं. आपल्यासाठी अख्खी लॅब बंद झाली, हे जरा अतीच होतंय, असं कमांडरांना वाटून गेलं. नको म्हणावं, असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यांना ते आवडत होतं. घरी म्हातारीचं नाव काढलं की बायको हसायची, शेजारी विषय बदलायचे, आणि आज कामावरची माणसं त्यांच्या दुःखात मान खाली घालून चालत होती. अशी वेळ माणसाच्या आयुष्यात पुन्हा येत नाही. त्यांनी काही म्हटलं नाही. चालता चालता ते फोनवर नवे फोटो तेवढे बघत राहिले.

घराशी आल्यावर मात्र ते थबकले. खुर्च्यांवर गल्लीतली ओळखीची माणसं बसली होती. इस्त्रीवाला होता, वरच्या मजल्यावरचे विमा एजंट होते, आणि सगळे त्यांना पाहून उठून उभे राहिले. बाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं की बायकोला कळवलंत का.

“तिला कशाला?” कमांडर म्हणाले. “तिला कळलं तर ती हसेल.”

खुर्च्यांवर चुळबूळ झाली. विमा एजंटांनी इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. पण बाईंनी शाळेत तऱ्हेतऱ्हेची मुलं पाहिलेली. त्यांनी हे बोलणं मनावर घेतलं नाही. त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या की आता तुम्हीच तिला सांभाळायचं आहे, मुलगी कितीही मोठी झाली तरी आई गेली की पोरकी होते.

“कोणाची आई?” कमांडरांनी विचारलं.

कमांडरांनी बाईंकडे पाहिलं, मग मालकांकडे. मालकांच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं, खुर्च्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि सकाळपासून आपण काय काय बोललो ते त्यांना एकेक करून आठवू लागलं.

ते उठून उभे राहिले. मोठा गैरसमज झालाय, असं म्हणाले. म्हातारी म्हणजे विमान. जुनं लढाऊ विमान. सासूबाई ठीक आहेत. हे सगळं त्यांनी अगदी नीट, सावकाश सांगितलं. पण ऐकणाऱ्यांना सावकाश बोलणारा माणूस जास्तच बिथरलेला वाटला. मालक बाईंच्या कानाशी म्हणाले की सकाळपासून हे असंच चाललंय, शेवटपर्यंत उडत होती असंही म्हणाला. ताई वर्तमानपत्राने वारा घालू लागल्या. कमांडरांनी पुरावा म्हणून फोन पुढे केला. पडद्यावर नांगरलेल्या शेतात जळालेली एक शेपटी दिसत होती. मालकांनी तो फोन हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खिशात घातला. “आज हे नको,” ते म्हणाले.

कमांडर म्हणाले, मग दवाखान्यात फोन करा, बायकोला विचारा. तिचा फोन त्याच क्षणी घरात वाजला, कारण विमा एजंटांनी तो लावलाच होता. बंद दारामागे तो बराच वेळ वाजत राहिला, आणि मग थांबला.

त्या शांततेत कमांडरांच्या मनात पहिल्यांदा भीती शिरली. सासूबाई ठीक आहेत असं आपण म्हणतोय, पण हे आपल्याला कोणी सांगितलं? सकाळपासून दवाखान्यातून काही कळलेलं नव्हतं, आणि त्यांनीही काही विचारलं नव्हतं. तोवर हातात फोन होता. त्यावर ते शेतातली शेपटी मोठी करून करून पाहत होते. दवाखान्याचा नंबर फिरवावा हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. इतकी माणसं गंभीर तोंडाने बसली होती. समजा ही माणसं चुकत नसली तर? समजा खरंच तसं झालं असलं, आणि आपण ते विमान आहे म्हणून सांगत सुटलो असलो तर? ते गुपचूप खाली बसले. ताईंना वाटलं, वाऱ्याने बरं वाटलं असावं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. आधी बायको उतरली, हातात औषधांची पिशवी. मग तिने पलीकडचं दार उघडलं आणि सासूबाईंना हात दिला. सासूबाई सावकाश उतरल्या, साडी सारखी केली आणि घरासमोरची गर्दी पाहून थांबल्या.

इस्त्रीवाला खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. कवळी नसल्यामुळे सासूबाईंनी तोंडापुढे हात धरला होता. तसाच हात धरून त्या पुढे आल्या, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि दात नसलेल्या तोंडाने, शब्द निसटत असताना विचारलं, “कोण गेलं?”

बाईंनी कमांडरांकडे पाहिलं. मालकांनी पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“विमान,” कमांडर म्हणाले.

सासूबाईंना हे उत्तर पुरेसं वाटलं की आणखी विचारायची ताकद नव्हती, कोण जाणे. त्या जवळच्या रिकाम्या खुर्चीवर टेकल्या. बायको मात्र उभीच राहिली. मालकांनी खिशातून फोन काढून मुकाट्याने कमांडरांना परत दिला आणि मग घडलेलं सगळं तिला सांगायला घेतलं. ते मधेच अडत होते, कारण सांगता सांगता त्यांनाच आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली होती. तिने भावाचं नाव ऐकलं मात्र, तिचा चेहरा उतरला. “त्यालाही कळवलंत?” ती म्हणाली. तिने घराकडे धाव घेतली, फोन घ्यायला. पण फोन करण्याची वेळ निघून गेली होती. गल्लीत गाडी शिरली, वाकडी थांबली, आणि दार उघडं टाकून मेहुणा उतरला.

रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याला रांगेत बसलेलं कोणी दिसलं नाही. दारात कुलपाशी झटापट करणारी बहीण तेवढी दिसली. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत बोलू लागला. तुझ्यावर सोपवली होती मी तिला. रोज फोन करून विचारत होतो, रोज म्हणायचीस बरी आहे. आता चौकशी बसते म्हणे. लोक सांगतात, देखभाल झाली नाही. बहीण त्याला थांबवायला बघत होती, पण तो वाटभर हेच घोकत आला होता आणि आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. “तू तिची देखभाल केली नाहीस, ताई,” तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

सासूबाईंनी जावयापुढे हात केला. कमांडरांना कळलं. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी तोंड वळवलं, कवळी बसवली, एकदा दात मिटून पाहिले. मग मुलाच्या पाठीकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “आणि तू केलीस?”

मेहुणा वळला. ज्या माणसाने सारा रस्ता आईच्या प्रेताचा विचार करत गाडी चालवली, त्याने आईला खुर्चीवर बसलेलं, दातांसकट, आपल्याला जाब विचारताना पाहिलं. तो चालत आला आणि तिच्यापुढे जमिनीवर बसला, अगदी फतकल मारून. तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून तो रडत राहिला. सासूबाईंनी थोडा वेळ हात मांडीवरच ठेवले. मग एक हात उचलून त्याच्या केसांत घातला.

जमलेल्या माणसांना आता कुठे बघावं कळेना. एकेक जण उठला. विमा एजंटांनी सासूबाईंना तब्येत कशी आहे म्हणून विचारलं आणि जिना चढून गेले. मालक जाताना कमांडरांशी एक शब्दही बोलले नाहीत. ताई मात्र थांबल्या, वाकून सासूबाईंना म्हणाल्या की पॉलिश राहिलंय, सवडीने पाठवून द्या.

संध्याकाळी घर निवलं. आत मेहुणा आणि बहीण चहा पीत जुनं काहीतरी बोलत होते, अधूनमधून हसत होते. कमांडर कोपऱ्यात बसून होते. बायकोने त्यांना काही म्हटलं नव्हतं, आणि तेच त्यांना जड जात होतं. सासूबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “माझ्या जागी जी गेली ती होती तरी कशी, ते सांगा.”

कमांडरांना आधी वाटलं, ही थट्टा आहे. पण सासूबाई खरंच ऐकायला बसल्या होत्या. मग त्यांनी सांगितलं. म्हातारी उतरताना कशी तरंगायची, तिचं इंजिन लांबून कसं ओळखू यायचं, तिच्यासाठी सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा मोडीत निघालेल्या बहिणींचे भाग काढून तिला कसे बसवले. कुठल्या गावाबाहेर पडली, शेत कसं होतं, पंख कुठे आणि शेपटी कुठे सापडली. ते बोलत गेले आणि सासूबाई मान हलवत गेल्या. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “आणि चालवणारा?”

कमांडरांनी फोन काढला. सकाळपासून त्यांनी ही बातमी किती ठिकाणी वाचली होती त्याला गणती नव्हती. ती पुन्हा उघडली आणि या वेळी शेवटपर्यंत वाचली. सगळ्यांत खाली एक ओळ होती. वैमानिकाचा जागीच मृत्यू झाला. त्यापुढे नाव होतं आणि वय होतं. वय त्यांच्या मेहुण्याहून कमी होतं. ही ओळ सकाळपासून तिथेच होती. त्यांची नजर प्रत्येक वेळी तिच्या आधी, शेपटीच्या नंबरावर थांबून परत फिरली होती.

त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. आतलं हसणं थांबलं होतं. बायको दारात येऊन उभी होती.

“त्याच्या दारातही आत्ता खुर्च्या मांडल्या असतील,” सासूबाई म्हणाल्या. “तिथे कोणी टॅक्सीतून उतरायचं नाही.”

फोन थरथरत होता. गटातले सगळे विचारत होते की कमांडर कुठे आहेत, म्हातारीवरचे चार शब्द कधी येणार. कमांडरांनी फोन उपडा ठेवला आणि बाहेर आले. खुर्च्या अजून तशाच होत्या. त्यांनी त्या एकात एक घातल्या आणि बाईंच्या दारात नेऊन ठेवल्या. बाई बाहेर आल्या. सकाळी ज्या हाताने त्यांनी कमांडरांना सावरलं होतं, तो त्यांनी आता कमरेवर ठेवला होता.

“आता तरी खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “कोणी गेलं होतं की नाही?”

“गेलं होतं,” कमांडर म्हणाले. “एक मुलगा गेला. वैमानिक होता.”

बाईंचा हात खाली आला. “तुमच्या ओळखीतला?”

“नाही,” ते म्हणाले. “माझ्या ओळखीचं विमान तेवढं होतं.”